पाहुण्यांसाठी सात सूचना

नागपूरच्या मावशी रात्रीच्या गाडीने सकाळी आल्या. चहा झाला, गाडी किती उशिरा आली ते सांगून झालं आणि टॉवेल खांद्यावर टाकून त्या बाथरूमकडे निघाल्या. मी नेहमीप्रमाणे मागोमाग गेले.

"मावशी, दार जरा उचलून लावा, खालून फुगलंय. कडी लागत नाही, वरचा बोल्ट सरकवा. गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. आणि पूर्ण उघडू नका, अर्ध्यावर थांबा, नाहीतर मग बंदच होत नाही. त्या कोपऱ्यातल्या फरशीवर उभ्या राहू नका, हलते ती. बादली इकडेच ठेवा, तिकडे ठेवली की पाणी दाराशी येतं. आणि झाल्यावर वायपरने पाणी जाळीकडे लोटा, आपणहून जात नाही."

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टॉवेल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "राहू दे नं. एक दिवस आंघोळ नाही केली तर चालते."

मी हसले, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. दुपारी भाजी निवडताना मोजल्या. सात सूचना होत्या. आंघोळीसाठी! मुंजीतल्या बटूलासुद्धा आम्ही एका वेळी इतकं सांगत नाही.

गंमत अशी की आम्हाला घरातल्यांना यातली एकही गोष्ट अडचण वाटत नव्हती. इमारत 1986 सालची, आम्ही राहायला आलो 2004 मध्ये. नळ उलटा फिरतो, कारण कधीतरी स्पिंडल, म्हणजे नळातला फिरणारा दांडा, बदलताना दुकानात जो होता तो बसवला. दोन दिवस चुकीच्या बाजूला पिळला, तिसऱ्या दिवशी हात शिकला. फरशी हलायला लागली, पाय शिकले. दार फुगलं, खांदा शिकला. बाथरूम बिघडत गेली आणि आम्ही तिच्याप्रमाणे घडत गेलो. मधुचंद्राला महाबळेश्वरला जाऊन हॉटेलातला सरळ फिरणारा नळ उलटा पिळून बसलेला आमचा मुलगा हा त्याचा जिवंत पुरावा.

बाथरूम नव्याने करायची वेळ झाली हे ओळखायच्या खुणा तशा सगळ्यांना ठाऊक असतात. पाठीमागच्या भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, टाइलच्या सांध्यांत काळं धरतं. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलं होतं आणि प्रत्येकावर घरगुती इलाज झालेला होता. पोपडे बेडरूमच्या भिंतीला आले, तिथे कपाट सरकवलं. सांधे काळे पडले, दर दिवाळीच्या आधी पांढरं सिमेंट भरलं. फरशीची पावडर, ॲसिड, तारेचा घासणा, आणि शेवटी कमी वॉटचा दिवा. तो दिवा ह्यांची कल्पना. खरंच, निम्मा मळ त्याने गेला.

खालच्या मजल्यावरचे काका मात्र दिव्याने फसणारे नव्हते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या बाथरूमच्या छताला आमच्या कृपेने ओल आली, तेव्हा ते भांडायला आले नाहीत. स्टुलावर चढून त्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. दोन महिन्यांनी डाग रेघेबाहेर गेला. दुसरी रेघ, दुसरी तारीख. मला छत दाखवायला बोलावलं तेव्हा वर पासबुकासारख्या नोंदी होत्या. "व्याज चढतंय," एवढंच म्हणाले. सोसायटीच्या आदर्श उपविधी, म्हणजे कारभाराचे नमुना नियम, त्यांना पाठ: गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, वरच्याची बाथरूम गळली तर खर्च त्या सभासदाच्या गळ्यात. काकू आपल्या मधेच म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात गेलो. जाताना गच्चीवरच्या टाकीचा आमचा व्हॉल्व्ह बंद केला. वाटलं, चला, काकांचं छत तेवढं वाळेल. परतलो तर काका जिन्यातच. "तुम्ही गेल्याच्या सातव्या दिवशीपर्यंत ठिपकत होतं." मला ते भुताटकीचं वाटलं. घरात माणूस नाही, पाणी नाही, मग गळतंय काय?

त्याचा उलगडा प्लंबरने केला. तो ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभरातले कितीतरी प्लंबर त्याच भागातून येतात. त्याने खिशातून पाचाचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवत गेला. टण, टण, टण, मग एकदम ठप्प. "पोकल आहे." भिंतभर ठप्पच जास्त. मग सांगितलं ते असं: बाथरूमखालचा स्लॅब मुद्दाम खोलगट ठेवलेला असतो, पाईप फिरवायला जागा म्हणून. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी. सांध्यांतून मुरलेलं पाणी तो कोबा स्पंजासारखा पिऊन ठेवतो आणि सवडीने खाली सोडतो. म्हणजे वीस वर्षं आम्ही ज्याला बाथरूम म्हणत होतो, ती फरशी घातलेली टाकी होती.

"नहानी भी बदलनी पडेगी," तो म्हणाला, आणि मी चमकले. फरशीतली जाळी, तिच्याखाली वाटीसारखं भांडं, त्यात दोन बोटं पाणी कायम अडून राहतं आणि गटारातला वास नि झुरळं वर येऊ देत नाही, त्याला प्लंबर लोक म्हणतात नहानी ट्रॅप. आपलीच न्हाणी! आम्ही तिला कधीच बाथरूम करून टाकलं आणि केंद्रापाड्याचा माणूस पुण्यात येऊन आजीचा शब्द बोलत होता.

आजीची न्हाणी घरामागे होती. चार शहाबादी फरशा, आडोशाला कुडाची भिंत, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि त्याच्यात टाकायला नारळाच्या शेंड्या. दार नव्हतंच, पितळी तांब्या बाहेर दिसला की आत कोणीतरी आहे समजायचं. फरशांच्या फटींतून पाणी जमिनीत जायचं, उरलेलं चरातून अळवाला. अळूची पानं सुपाएवढी व्हायची. त्या न्हाणीचं गळणं हाच तिचा उद्योग होता, आणि तिच्याखाली कोणी काका राहत नव्हते.

फोडायला सुरुवात झाली ती एका सोमवारी. वरच्या टाइलखाली आधीच्या बिऱ्हाडाच्या सहा इंची पांढऱ्या टाइल निघाल्या, म्हणजे त्यांनीही एकदा झाकपाक केली होती. भिंतीतला जी.आय.चा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाईप कापून मिस्त्रीने माझ्या हातात दिला. बाहेरून अंगठ्याएवढा जाड, आत गंज चढून चढून पेन्सिल जाईल एवढंच भोक. गेली पाच वर्षं मी टाकीला, पंपाला आणि पालिकेला बोल लावत होते. कोबा निघाला तो काळा, ओला, कुजट वासाचा. पोती भरभरून राडारोडा खाली गेला. पुढचे एकोणीस दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे पाळीपाळीने आंघोळी केल्या, आणि त्यांच्या सूचना ऐकल्या. प्रत्येक घरात होत्या. समोरच्यांकडे पाच, वरच्यांकडे तीन. पहिल्या मजल्यावर फक्त एकच, पण ती अशी की "आत गाणं म्हणू नका, आवाज थेट हॉलमध्ये येतो."

वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहानीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं, दोन दिवस. ही परीक्षा टाळायची नाही, मिस्त्री घाई करत असला तरीही. टाइल लागल्यावर कळून उपयोग नसतो. खाली काका स्टुलावर, हातात पेन्सिल. अठ्ठेचाळीस तासांनी त्यांचा फोन आला, "नोंद नाही."

टाइल निवडण्याबद्दल फार लिहीत नाही. सगळा माल गुजरातेतल्या मोरबीचा, सगळ्यांची नावं इटलीची. मी एवढंच पाहिलं, की नमुन्यावर पाणी ओतून ओला अंगठा फिरवला तर घसरतो की नाही. दुकानदाराला ते आवडलं नाही. आणि मिस्त्रीच्या मागे उभी राहून जाळीकडे ढाळ काढून घेतला. गोटी सोडून बघितली, गोटी जाळीवर जाऊन थांबली. अंदाज एक लाख दहा हजारांचा होता, झाले एक लाख बासष्ट. त्यात नवल नाही.

दिवाळीला मावशी पुन्हा आल्या. बाथरूमच्या दाराशी थांबून वळून बघितलं. "काही सांगायचं नाही का?"

"नाही."

"बघ हं."

एका गोष्टीवरून मात्र घरात वाद झाला होता. कमोडशेजारच्या भिंतीला मी स्टीलची दांडी लावायला सांगितली. सासूबाईंचं वय एक्याऐंशी. त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, "ही कोणासाठी? मी काय लोळागोळा झालेय?"

"टॉवेलसाठी आहे, आई."

"टॉवेल एवढ्या खाली?"

"आता तशीच पद्धत आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विषय सोडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पंचा घडी घालून त्या दांडीवर असतो, अगदी एका टोकाला. बाकीची दांडी मोकळी. त्या मोकळ्या भागावर रोज चार बोटांचे साबणाचे ठसे उमटलेले दिसतात. दुपारी नळ पुसताना मी तेही पुसून टाकते.