युरेकाच्या खांबांभोवती

कॅलिफोर्नियात लाँग बीच-हंटिंग्टन बीचसमोर, किनाऱ्यापासून साधारण 14 किलोमीटरवर एली, एलेन आणि युरेका हे तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत. एली आणि एलेन पुलाने जोडलेले, खोली 80 मीटरच्या आसपास. युरेका 1984 चा. तिथे तळ 210 मीटरच्याही खाली, म्हणून पाण्यात तरंगण्यावर पक्का ताबा असणाऱ्या स्कूबा डायव्हरांनीच इथे उतरावं. कमरेला दोन वजनं जास्त लावली तर थांबवायला वाळू नाही.

बोट नांगर टाकत नाही. कप्तान रेडिओवर परवानगी घेतो, खांबांजवळ नेतो, इंजिन न्यूट्रलला टाकतो, की लगेच उड्या. रेंगाळलं की प्रवाह बाजूला ओढतो आणि पोहत परत येण्यातच हवा संपते. 200 बार दाबाची हवेची टाकी 100 वर आली की वर निघावं. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना घ्यायचा थांबा, खांब नजरेत ठेवूनच, पण हातभर लांब राहून: वरच्या पाचेक मीटरमध्ये लाट शिंपल्यांवर आपटते आणि हातमोजे फाटतात. गळाची तुटलेली दोरी जागोजागी अडकलेली असते, कटर हवाच. पाणी खाली गार, 7 मिलिमीटरचा सूट लागतो.

खांबांवरचा वरचा पट्टा शिंपल्यांचा, म्हणजे आपल्या शिणाण्यांच्या भाऊबंदांचा. त्याखाली कॉरिनॅक्टिस हे गुलाबी-लाल, फुलासारखे दिसणारे छोटे जीव, आणखी खाली पांढरी मेट्रिडियम समुद्रफुलं, अगदी फ्लॉवरचे गड्डे! रॉकफिशची पिल्लं तळापर्यंत न जाता मधल्या तुळयांवरच मुक्काम करतात. तिथे त्यांना खाणारे मोठे मासे कमी. सी लायन मात्र खांबांमधून सुसाट येतात. वादळात झडलेले शिंपले तळाशी साचून ढीग होतो, त्यावर तारामासे जगतात.

कॅलिफोर्नियासमोरच्या 16 प्लॅटफॉर्मवरच्या 2014 च्या अभ्यासात तळाच्या दर चौरस मीटरमागे मत्स्य-उत्पादन तोवर मोजलेल्या कुठल्याही सागरी अधिवासापेक्षा जास्त निघालं. हिशेब तळाच्या क्षेत्रफळावर आहे, हे विसरू नये. खरी करामत उंचीची: थोड्याशा तळावर उंचच उंच सांगाडा. मुंबई हायच्या खांबांवर काय वाढतं तेही बघायला आवडेल, पण तिथे 500 मीटरच्या सुरक्षा पट्ट्यात शिरायची सोय नाही.

विहिरी आटल्यावर सांगाड्याचा काही भाग पाण्यात ठेवायची वाट कॅलिफोर्नियात 2010 च्या कायद्याने खुली झाली. जहाजांना अडथळा नको म्हणून वरचे साधारण 26 मीटर कापायचे, असा प्रस्ताव असतो. बरेचसे मासे त्याखाली राहतात, ते वाचतील. शिंपल्यांचा पट्टा मात्र नेमका या 26 मीटरमधला. तो गेला की तळाच्या ढिगावर वरून काही पडणार नाही.