वर्षाला एकच भरती

हरिहरेश्वरला देवळाच्या मागून खडकात दगडी पायऱ्या खाली समुद्राकडं उतरतात. तिथून कड्याच्या पायथ्यानं, खडकांवरून चालत, वळसा घालून पुन्हा देवळाशी येता येतं. प्रदक्षिणेची वाट ती. संभाजीनगरहून रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेत आम्ही पोचलो, आंघोळी उरकल्या, दर्शन घेतलं आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आलो, तर तिथं बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "आत्ता नको. भरती आहे. दुपारनंतर या."

आम्ही मराठवाड्यातली माणसं. पाण्यासाठी थांबायची आम्हाला जन्मापासून सवय. टँकर यायचाय म्हणून थांबलोय, नळ यायचाय म्हणून पहाटे चारला उठून बसलोय. पण पाणी जास्त झालंय म्हणून थांबा, असं आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. बायकोला तर ते इतकं आवडलं की ती तिथंच कठड्यावर पाय सोडून बसली.

दुपारनंतर ती वाट चाललो. लाटांनी पोखरून मधाच्या पोळ्यासारखे केलेले खडक, भेगांमध्ये तिरके पळणारे खेकडे, पायाला लागेल तिथं शिंपले. सुंदरच आहे, त्यात वाद नाही. मला मात्र त्या दगडाची गंमत वाटत होती. आपल्या वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्याच जातीचा हा दगड. तो एवढा लांब येऊन समुद्राला लागला, आम्ही मात्र आत राहिलो.

परत आल्यावर ही सगळी हकिकत शेजारच्या अण्णांना सांगितली. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नोकरी सुटली, पण ऑगस्ट लागला की आजही रोज सकाळी चहाआधी त्यांना जायकवाडीचा आकडा लागतो. "आज अडतीस," असं ते गच्चीवरून ओरडून सांगतात आणि आमच्या गल्लीत त्याचा अर्थ कुणालाही विचारावा लागत नाही. माझी गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "त्यात काय सर, भरती-ओहोटी आपल्याकडंबी हाय की. फकस्त वर्षाला एकच."

तेव्हापासून मी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या, काठानं चालायला लागलो. जमेल तसं, महिन्या-दीड महिन्यानं एकदा. बरोबर बहुतेक वेळा अण्णा.

संभाजीनगर ते पैठण पन्नासेक किलोमीटर. बिडकीन, ढोरकीन अशी यमकं जुळवत रस्ता जातो. ढोरकीनच्या पुढं कुठंतरी गाडी उभी करायची, शेतांच्या बांधांवरून खाली उतरायचं आणि पाणी लागेपर्यंत चालायचं. हे 'पाणी लागेपर्यंत' प्रकरण सोपं नाही. कोकणातला समुद्र सहा तासांत मागं सरकतो आणि पुढच्या सहा तासांत परत येतो. आमचा समुद्र सप्टेंबरात भरला की पुढचे आठ-नऊ महिने नुसता मागं मागं जात राहतो. दिवाळीनंतर ज्या बाभळीखाली बसून डबा खाल्ला, पाय पाण्यात सोडले, त्याच बाभळीखाली मार्चमध्ये उभं राहिलं तर पाणी लांब क्षितिजाशी चकाकताना दिसतं आणि मधल्या जमिनीवर कुणाचा तरी हरभरा काढून झालेला असतो. या जमिनीला गाळपेर म्हणतात. पाणी जसं उतरेल तसं शेतकरी मागोमाग पेरत जातात. ओल जमिनीतच असते. म्हणजे इथं वाट म्हणून काही नाहीच. गेल्या वेळची पायवाट या वेळी एक तर पाण्यात असते नाहीतर पिकात.

या पसाऱ्याला सागर म्हणायला लोक हसतात. हसू देत. भरला म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही, वारा सुटला की लाटा काठावर आपटतात आणि फेसही येतो. मातीची भिंतच सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, तिला सत्तावीस दरवाजे. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. नावाची गंमत अण्णांनी सांगितली. जायकवाडी हे मुळात बीड जिल्ह्यातलं गाव. धरण आधी तिथं व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, पण कागदांवरचं नाव बदललं नाही. "सरकारी फाईल सर. धरण हलंल, फाईलवरचं नाव हलायचं न्हाई." पाण्याला मात्र लोकांनी एकनाथांचं नाव दिलं.

पहिल्या हिवाळ्यात मी दुर्बीण घेऊन गेलो आणि अण्णा एक चुन्यानं रंगवलेला दगड घेऊन आले. बरोबर पाण्याच्या कडेला त्यांनी तो ठेवला, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, पुन्हा बोटभर पुढं सरकवला. "आता कळंल." काय कळेल ते त्यांनी सांगितलं नाही. मी पक्षी बघणार आणि ते पाणी बघणार, अशी आमची वाटणी तिथंच ठरली.

त्या दिवशी पहिला धक्का बसला तो कुरवांचा. कुरव, म्हणजे आपण कोकणात होडीतून शेवेचे दाणे टाकतो तेव्हा ओरडत मागं येतात ते पांढरे समुद्रपक्षी. ते इथं, पैठण तालुक्यात, आरामात पाण्यावर डुलत होते. मला वाटलं वाट चुकले असतील. नंतर वाचल्यावर कळलं, चुकत मीच होतो. तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो तो तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांच्या काठी, समुद्रापासून कुठल्या कुठं. समुद्र ही त्याची फक्त थंडीतली सहल. म्हणजे ज्याला आपण समुद्राचा पक्षी समजतो तो मुळात तळ्याचा, आणि आमच्याकडं त्याला जास्त घरच्यासारखं वाटत असणार. शिवाय थंडीत त्याचं डोकं तपकिरी नसतंच, डोळ्यामागं नुसता एक गडद ठिपका राहतो. नावावर जाऊ नये हा धडा मराठवाड्यात वेगळा शिकावा लागत नाही, पण तरी.

नावांचा विषय निघालाच आहे तर आपल्या लोकांना दाद दिली पाहिजे. एका बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, त्याला नाव काय, तर हळदी-कुंकू. आणि काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेला, शेकड्यांनी एकत्र तरंगणारा, जरा खट्ट झालं की सगळे मिळून पाण्यावरून पाय आपटत पळणारा जो पक्षी, त्याला म्हणतात वारकरी. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. दिंड्या येतात, वाळवंटात पाय ठेवायला जागा उरत नाही. पाण्यातल्या वारकऱ्यांपैकी बरेचसे साधारण त्याच सुमाराला उत्तरेकडं परतायला लागतात. एक मेळा येतो, एक जातो. नाव ठेवणाऱ्यानं हे बघून ठेवलं असेल असं मी म्हणत नाही, पण पैठणमध्ये उभं राहून हे नाव उच्चारायला वेगळीच मजा येते.

रोहित पक्ष्यांचं मात्र मी जास्त लिहिणार नाही. ते दिसले की सगळ्यांनाच पैठणी आठवते, आणि ही उपमा देऊन देऊन पार झिजलीय. मला तर पहिल्यांदा लांबून ती खताच्या रिकाम्या गोण्यांची रांग वाटली होती. कुणीतरी धुऊन वाळत घातल्यात असं म्हणून मी पुढं चालत राहिलो, आणि मग ती रांग उडाली.

पट्टकादंबांबद्दल ऐकलेलं पुष्कळ. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येणारे हंस, केवढं उंच उडतात वगैरे. एका सकाळी त्यांचा मोठा थवा गाळपेरीच्या हिरव्या तुकड्यावर बसलेला दिसला आणि मी हरखून दुर्बीण लावली. तेवढ्यात शेजारच्या बांधावरून एक आजी काठी आपटत आल्या.

"काय बगायलात दादा?"

"हे हिमालयावरून आलेत, आजी."

"यिऊ द्या की. पर माझा हरबराच दिसला व्हय त्येंना?"

यावर पक्षिप्रेमी माणसाकडं उत्तर नसतं. मी दुर्बीण खाली घेतली. आजींनी हाऽऽऽ करून थवा उडवला, तो एक मोठा वळसा घेऊन पलीकडच्या शेतात उतरला आणि आजी समाधानानं म्हणाल्या, "ते जावेचं हाय."

पण खरी ओळख झाली ती चिखलात. फेब्रुवारी संपत आला होता, अण्णा मागं दगडापाशी पावलं मोजत होते आणि मला पाण्याच्या आणखी जवळ जायचं होतं. वरून माती छान वाळलेली, भेगाळलेली. लांबून शेळ्या राखणारा एक पोरगा ओरडला, "अवो दादा, तिकडून नगा जाऊ! वर वाळलंय, आत रेंदा हाय!" ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. डावा सावरायला टाकला, तोही गेला. काळ्या मातीचा गाळ पाय सोडत नाही. जेवढं ओढावं तेवढा तो गच्च धरतो आणि आतून बुडबुड असा आवाज येतो, कुणी हसल्यासारखा. पोरगा म्हणाला, "हलू नगा, काठी आनतो," आणि निघून गेला. शेळ्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मग मी हललो नाही. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. एरवी मी चाललो की पन्नास पावलांवरचे पक्षी उडायचे. आता मीच एक खुंट झालो होतो, आणि खुंटाला कोण भितं? आधी शेकाटे आले. गुलाबी काड्यांसारखे लांब पाय, पायांच्या मानानं अगदी एवढंसं अंग. एकेक पाऊल उचलून, झटकून, पुढं टाकत माझ्यापासून तीन हातांवरून गेले. पाय चिखलात न रुतवता कसं चालायचं याचं प्रात्यक्षिकच जणू. एक छोटा चिखल्या धावला, थांबला, धावला, थांबला. वर कवड्या खंड्या पंख फडफडवत हवेत एकाच जागी टांगून राहिला आणि दगडासारखा पाण्यात पडला. एक दिवड माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून वळवळत गेली. ती बिनविषारी असते हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या क्षणी ते ज्ञान पायांपर्यंत पोचलं नाही, पण पायांना जायला जागाही नव्हती.

पोरग्यानं काठी आणि एक जुना टायर आणला. बाहेर निघालो, उजवी चप्पल आतच राहिली. अण्णा येऊन म्हणाले, "सर, दगडापासून पाणी एकशेबारा पावलं मागं गेलंय." माझ्याकडं त्यांनी नंतर बघितलं.

एप्रिलमध्ये दगड पार आत, जमिनीवर एकटा पडलेला. उन्हाळ्याचा हा काठ सगळ्यांना बघवत नाही. पाणी उतरलं की धरणात गेलेल्या गावांच्या खुणा वर येतात. घरांच्या जोत्यांच्या रेषा, आडाचा कठडा, एखादा ओटा. शंभरावर गावं या पाण्याखाली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या वर्षी, जायकवाडीतला जिवंत साठा संपला होता. सगळं मृत साठ्यावर चाललं होतं. त्या वर्षीचा काठ अण्णांनी पाहिलेला आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

त्याच एप्रिलमध्ये एका टिटवीनं आमच्यावर धाव घेतली. डोक्यावरून घिरट्या, टीव-टीव-टिटीव असा आकांत, मग दूर जाऊन पंख ओढत लंगडायचं नाटक. म्हटलं, पायाखाली बघा. खरंच चार पावलांवर अंडी होती. चार. गारगोट्यांच्या मधे, गारगोट्यांच्याच रंगाची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. घरटं म्हणावं तर एक उथळ खळगा. आम्ही जागच्या जागी मागं फिरलो. मला त्या अंड्यांचं कौतुक, पण अण्णांचा चेहरा पडला.

"लई खाली घातलीत सर."

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, खालच्या अंगाला घातली तर बेताचा, असा आपल्याकडचा हिशोब. तीस वर्षं मोजपट्टीनं पाणी मोजलेला माणूस टिटवीचं ऐकून गप्प झाला होता. मी समजूत घालायला म्हटलं, "अण्णा, टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात, आणि इथं तर आधीच आटलाय. तिनं कुठं घालावीत?" ते हसले नाहीत. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पर हितल्या पावसाचं काय हाय म्हना. नाशकाकडं पडाय पायजे."

हे खरं आहे. कोकणातल्या भरतीला चंद्र लागतो. आमच्या समुद्राचा चंद्र नाशिकला असतो. इथं आभाळ कोरडं ठणठणीत असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात, आणि तिकडं घाटमाथ्यावर चार दिवस झड लागली की गोदावरी मातकट पाणी घेऊन कायगाव टोक्याच्या पुलाखाली येते. अंडी फुटून पिल्लं पळती व्हायला महिनाभर पुरतो. पाणी यायला जुलै तरी उजाडतो. टिटवीचा हिशोब अण्णांच्या हिशोबापेक्षा वाईट नव्हता.

मे अखेरीला गेलो तेव्हा तो चिखलातून ओढून काढणारा पोरगा अण्णांच्या दगडावर बसून भाकरी खात होता. चुना निम्मा उडाला होता. पाणी इतकं लांब की अण्णांनी पावलं मोजायचं सोडून दिलं. "चप्पल घावली का?" पोरग्यानं विचारलं. मी म्हटलं नाही. "घावंल. पानी यायच्या आदी समदं वर येतंय." आम्ही शोधली. भेगा पडलेल्या मातीत एक रबरी टाच दिसली, उपटून काढली तर ती डाव्या पायाची आणि भलत्याच कुणाची तरी निघाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत तास चालू असताना फोन थरथरला. अण्णा तासाला कधी फोन करत नाहीत. बाहेर व्हरांड्यात येऊन उचलला.

"सर, दगड गेला."

"किती टक्के?"

"टक्के ऱ्हाऊ द्या. मी हितंच उभा हाय. पाय पान्यात हायत माझे."