ऊन दाखवण्याचे दिवस

पावसाळा सरल्याची वर्दी आमच्या घरात मिठाची बरणी देते. जूनपासून चमच्याला चिकटून बसलेले मीठ एका सकाळी भुरभुर सुटे होऊन पोह्यांवर पडते आणि आई लगेच विचारते, "गच्चीची किल्ली कुणाकडे आहे रे सध्या?" हवामान खात्याच्या हिशेबाने मोसमी पाऊस राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास परतू लागतो आणि मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरला निघतो. आईचा हिशेब या दोन तारखांच्या मधे कुठेतरी बसतो आणि तिचा अंदाज खात्याइतकाच चुकतो.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुलै महिन्यात ढगांतून चुकून ऊन डोकावले, तरी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असल्याने आमच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत ते शिरत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य दक्षिणेला कलू लागतो, आणि एके दिवशी दुपारी उन्हाची एक पट्टी उंबरठा ओलांडून खोलीतल्या फरशीवर जेमतेम वीतभर येऊन थांबते. दिवाळीपर्यंत ती खुर्चीच्या पायांपर्यंत पोहोचते. पण त्या पहिल्या वीतभर उन्हात पाय ठेवून चहा पिण्याचे सुख काही वेगळेच असते आणि त्यासाठी मी ऑफिसच्या दोन-तीन बैठका घरूनच उरकतो, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

मराठीत आपण कपडे उन्हात वाळत घालतो, पापड उन्हात वाळवतो. पण डाळींना, रव्याला आणि गोधड्यांना आपण ऊन दाखवतो. देवाला नैवेद्य दाखवावा, तसे. वाळवण्यात काम तडीस नेण्याचा भाव आहे, तर दाखवण्यात नुसती भेट घडवून आणायची असते. मग ती किती वेळ आणि किती जवळून व्हावी, याचेही नियम आले. तुरीच्या आणि उडदाच्या डाळीला कडक ऊन चालते. तांदळाला थेट ऊन लागले की दाणा तडकतो आणि शिजवताना त्याची कणी होते, म्हणून तो जिन्याच्या सावलीत वाऱ्यावर पसरायचा. रेशमी साड्यांनाही सावलीच, कारण उन्हाने रंग उडतो. शिवाय त्यांची घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घालायची, नाहीतर जुन्या घडीवर जर तुटते. पुस्तकांना सकाळचे कोवळे ऊन तासभर पुरे. माणसाच्या बाबतीत आयुर्वेद सांगतो की, शरदात पित्त खवळते, तेव्हा उन्हापासून जपावे. गोधडीला पित्त नसल्यामुळे तिला भर बाराच्या उन्हात टाकतात आणि तिची कूस बदलायला पित्ताचा त्रास असलेल्या मला वर पाठवतात.

ही गोधडी आजीच्या हातची आहे. वरचा थर तिच्या विटकरी लुगड्याचा आणि आत आजोबांची धोतरे. चारी कडांपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत ती मध्याकडे गेली आहे. एरवी अंथरुणावर लक्षात येत नाही, पण गच्चीच्या कठड्यावर तिरपे ऊन पडले की प्रत्येक टाक्याची बारीक सावली उमटते आणि सगळी वीण वाचता येते. मध्यावर येईपर्यंत टाके तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. मग एका जागी ते एकदम बोटाच्या पेराएवढे होतात, ओळ वाकडी जाते आणि चार वितींनंतर पुन्हा ताळ्यावर येते. तिथे दहा वर्षांच्या आईने हट्टाने सुई हातात घेतली होती. आजीने ते टाके उसवले नाहीत. आई त्या जागेवरून हात फिरवत दर वर्षी म्हणते, "केवढाले टाके हे!" आणि दर वर्षी तोच भाग उन्हाकडे वर करून ठेवते.

या दिवसांचा भरवसा मात्र धरता येत नाही. २७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो; पाटावर हत्ती काढून मुली भोंडला खेळतात तो याच दिवसांत, आणि हा हत्ती सोंडेत पाणी भरून असतो. गेल्या वर्षी सकाळपासून आभाळ धुतल्यासारखे निळे होते. साडेतीनला पूर्वेकडून ढग गडगडत आले आणि इमारतीतली सगळी माणसे एकाच वेळी गच्चीवर धावली. हाताला लागेल ते उचलायचे, कुणाचे ते नंतर पाहू, असा प्रकार झाला. त्या संध्याकाळी आमच्या परातीत शेजारच्या काकूंची उडदाची डाळ होती, आमचे दोन अभ्रे पहिल्या मजल्यावर आठ दिवस सुखाने राहिले आणि एका उशीला तर अजून मालक मिळालेला नाही. ती आमच्या दिवाणावर आहे. तिलाही यंदा ऊन दाखवले.

संध्याकाळी पाच वाजता गोधडी खाली आणायची, ती खांद्यावर टाकूनच. कान आणि मान शेकत जिना उतरताना सुती कापडाचा तो भाजल्यासारखा कोरडा वास नाकात भरतो. घडी घालून ती कपाटात जायची असते, कारण थंडीला अजून दीड महिना अवकाश असतो आणि लवकरच हेच ऊन नकोसे होऊन आम्ही पडदे ओढून बसणार असतो. पण त्या रात्री तिला कपाटात ठेवायला कुणी उठत नाही. आई पंखा पाचवर लावते आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेते. उकडतंय का, असे मी विचारले तर म्हणते, "उकडू दे."