लेथ मशीन घेतलं खरं, आणायचं कसं ते नंतर बघू म्हटलं

रात्री पावणेबाराला लिलाव संपला आणि लॉट माझ्या नावावर लागला. साडेचार फुटी बेडचं जुनं लेथ मशीन (धातूचा तुकडा फिरवत त्याला कापून आकार देणारं), दोन चक म्हणजे तुकडा पकडणारे जबडे, चार टूल होल्डर आणि एका पत्र्याच्या डब्यात गिअर. शेवटी शेवटी कोणीतरी सारखं बोली वाढवत होतं आणि प्रत्येक बोलीला घड्याळ परत दोन मिनिटं पुढे जात होतं, त्यामुळे डोकं तापलेलं, मशीन तेराशे किलोमीटर लांब आहे हे माहीत होतं पण ते नंतर बघू असं म्हणून बटण दाबत राहिलो. सकाळी बायकोने एकच विचारलं, "घरी कसं येणार ते?" म्हटलं, बघतो ना ट्रान्सपोर्ट.

पुढचे नऊ दिवस मी दुसरं काहीही बघितलं नाही.

आधी अटी वाचल्या, म्हणजे पैसे भरल्यावर वाचल्या. बोलीवर बायर्स प्रीमियम म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, त्यावर टॅक्स, सात दिवसांत माल उचलायचा, नंतर रोजचं जागाभाडं. आणि ते नेहमीचं वाक्य, "जसे आहे तसे, जेथे आहे तेथे". इतक्यांदा वाचलंय की आता डोळ्यांना दिसतच नाही. "जसे आहे तसे" म्हणजे मशीन खराब निघालं तर तुमचं नशीब, एवढं मला कळत होतं. "जेथे आहे तेथे" म्हणजे काय ते फोन केल्यावर कळलं. मशीन शेडच्या आत, फरशीत चार बोल्टांनी आवळलेलं, तिथे फोर्कलिफ्ट नाही, लोडिंग आम्ही करून देत नाही, बोल्ट काढायलाही तुमचाच माणूस पाठवा. आणि गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव आधी कळवा, त्याशिवाय गेटपास निघणार नाही.

ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन सुरू केले. सगळ्यांचा पहिला प्रश्न वजन किती. मी लिलावाच्या पानावर होतं तेच सांगत गेलो, अंदाजे 400 किलो. तिसऱ्या की चौथ्या फोननंतर शंका आली म्हणून फोटोतल्या नेमप्लेटवरून मॉडेल काढलं, त्याचं मॅन्युअल शोधलं, तर 650! लिलावाच्या पानावरचं वजन म्हणजे कोणीतरी लांबून मशीनकडे बघून ठोकलेला आकडा असतो. 400 सांगून गाडी बोलावली असती तर ड्रायव्हरने मशीन बघूनच हात वर केले असते, किंवा तिथेच उभा राहून भाडं वाढवून मागितलं असतं आणि ते मला द्यावं लागलं असतं.

मग पॅकिंगचा घोळ. एका पॅकिंगवाल्याने सांगितलं पूर्ण लाकडी पेटी करू, चहूबाजूंनी बंद, एकदम सेफ. ऐकायला बरं वाटलं. पेटीचं माप 230 बाय 110 बाय 160 सेंटीमीटर. पण ज्या पार्सल कंपनीशी बोलणं चालू होतं ती व्हॉल्युमेट्रिक वजन लावणारी, म्हणजे लांबी रुंदी उंची गुणायची, 5000 ने भागायचं आणि खरं वजन आणि हे वजन यात जे जास्त त्यावर बिल. गुणून भागून आलं जवळपास 810 किलो. म्हणजे 650 किलोच्या लोखंडासाठी मी 810 किलोचं भाडं भरणार आणि वरचे 160 किलो निव्वळ हवेचे. पेटी कॅन्सल. खाली फक्त दोन जाड लाकडी ओंडके, मशीनच्या पायांच्या भोकांतून त्यांना बोल्ट, बाकी उघडं. त्याचं माप 210 बाय 85 बाय 140, हिशोब पाचशेच्या आसपास, म्हणजे बिल खऱ्या वजनावर.

पण तेही पार्सलने पाठवलं नाही शेवटी. पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, माल वाटेत दोन गोडाऊनना उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो कोण उचलणार, कशाने उचलणार हे कोणी छातीठोक सांगेना. "होतं हो सर, हमाल आहेत". हमाल आहेत हे कबूल, पण साडेसहाशे किलोला पहार लावली आणि ती नेमकी लीडस्क्रूखाली (बेडच्या बाजूने जाणारा लांब आट्यांचा दांडा) गेली तर स्क्रू वाकणार, आणि वाकलेला लीडस्क्रू घेऊन थ्रेड काय पाडणार.

रिटर्नच्या गाडीने काम झालं. मी आधी मशीन होतं तिकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करत होतो, ते उलटं होतं. फोन करायचा आपल्या बाजूच्या माणसाला, ज्याच्या गाड्या इकडून माल घेऊन तिकडे जातात आणि येताना रिकाम्या येतात. त्याला तसाही डिझेलचा खर्च आहेच, तो कमीत यायला तयार असतो. फक्त तारीख त्याची, आपली नाही. माझी गाडी नवव्या दिवशी लागली, दोन दिवसांचं जागाभाडं बसलं, तरी स्वस्तच.

आणि मशीन शिफ्टिंगवाला माणूस तिकडचाच शोधला, हे सगळ्यात शहाणपणाचं. वयस्कर गृहस्थ. त्यांनी किलोमीटर विचारले नाहीत, वजनही नंतर विचारलं. आधी तीन गोष्टी: दाराची रुंदी किती, दाराबाहेर काँक्रीट आहे की माती, आणि गाडी दारापर्यंत मागे लागते का. इतके दिवस इतक्या लोकांशी बोललो, हे एकानेही विचारलं नव्हतं. त्यांचे पैसे आणि माझ्या बाजूच्या क्रेनचे पैसे मिळून तेराशे किलोमीटरच्या भाड्याच्या जवळ गेले. तेव्हा टोचलं, पण ते मशीन उचलताना व्हिडिओ कॉलवर बघितल्यावर गप्प बसलो.

तीन बोल्ट निघाले, चौथा गंजून बसलेला, डिझेल ओतून तासभर वाट बघितली आणि शेवटी ग्राइंडरने कापला. मग काकांनी हेडस्टॉकमधलं (चक फिरवणारं डावीकडचं टोक) ऑइल काढलं, कॅरेज म्हणजे टूल धरून बेडवर सरकणारा भाग, ती पार टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, नेली आणि तिथेच लॉक केली, कारण हेडस्टॉकची बाजू जड असते. पट्टा बेडखालून घेतला आणि लीडस्क्रूला दाबू नये म्हणून मध्ये लाकडाचे ठोकळे घातले. चेन ओढत ओढत मशीन जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उचललं आणि थांबले. हेडस्टॉक खाली झुकला. "नाही, खाली घे." परत टेकवलं, पट्टा चार बोटं सरकवला, परत दोन बोटं वर. असं तीनदा केलं, कोणाला घाई नाही, आवाज फक्त चेनचा. तिसऱ्यांदा सरळ राहिलं तेव्हा मला म्हणाले, "आता बोला, काय म्हणत होता?" मी काहीच म्हणत नव्हतो, श्वास धरून बसलो होतो.

बेडला ऑइल फासून घेतलं आणि प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका म्हणून सांगितलं, आत घाम धरतो आणि गंज चढतो. वर ताडपत्री, बस.

गाडी येणार होती सकाळी दहाला, आली दुपारी तीनला, क्रेनवाला तोपर्यंत माझ्या दारात पाच तासांचं वेटिंग लावून झोपलेला. मशीन उतरलं तर कॅरेजच्या हँडव्हीलची मूठ तुटलेली. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, सही करा ना, पुढे जायचंय." मी आधी पावतीवर तुटलेल्या मुठीचं लिहिलं आणि मग सही केली. ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा काढला होता (ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी म्हणजे इन्शुरन्स नव्हे, हे आधीच विचारून घेतलेलं), इन्शुरन्सवाल्यांनी गाडीत चढवण्याआधीचे फोटो मागितले. माझ्याकडे चाळीस फोटो. चकचे, बेडचे, नेमप्लेटचे, मोटरचे. त्या मुठीचा एकही नाही. आता मूठ मीच टर्न करणार, मशीन आहेच.

संध्याकाळी सामान मोजताना लक्षात आलं की गिअरचा डबा आलाच नाही. शेडमध्येच राहिला, मशीनच्या नादात तो कोणाच्या ध्यानातच नव्हता. शेडवाल्यांना विनंती करून कुरियर करायला लावलं. डबा चौदा किलोचा, पण त्या भल्या माणसाने काळजीपोटी 60 बाय 60 बाय 50 च्या खोक्यात थर्माकोल भरून पाठवला. बिल आलं 36 किलोचं.