एडिनबरा: भुतांची तिकिटं आणि सर्जन्स हॉलमधली वही

ताई ग्लासगोला राहते. तिथून एडिनबरा आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, तिथली भुतं बघायची होती. मी दातांची डॉक्टर, त्यामुळे मला सर्जन्स हॉल हे शल्यचिकित्सेचं म्युझियम बघायचं होतं. शेवटी सौदा झाला: सकाळ माझी, दुपारनंतर त्याचं राज्य. ताईने बरोबर यायला साफ नकार दिला. "स्मशानातून आलात की आधी पायावर पाणी घ्या, मग घरात," एवढंच बजावलं.

ऑक्टोबरचे दिवस होते. हॅलोवीनच्या तोंडावर जाणार असाल तर तिकिटं आधी काढाच. मेरी किंग्ज क्लोज या इमारतीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या गल्लीत प्रवेश वेळेनुसार असतो, गाईडबरोबर ठरावीक माणसंच आत सोडतात, आणि संध्याकाळच्या वेळा आधी संपतात. रात्रीच्या काही टूरना लहान मुलांना घेत नाहीत, त्यामुळे मुलाचं वय बघून मगच पैसे भरा. सर्जन्स हॉलला आम्हाला दारातच तिकीट मिळालं. भुतांकडे रांग आणि शल्यचिकित्सेकडे शुकशुकाट, हे बघून हसू आलं.

सर्जन्स हॉल निकल्सन स्ट्रीटवर आहे. समोर मोठे खांब असलेली ही इमारत विल्यम प्लेफेअर या वास्तुविशारदाची, 1832 सालची. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. बरण्यांमध्ये जे ठेवलंय ते कुणाचं तरी हृदय, कुणाचा तरी जबडा आहे. भाच्याने पहिल्या दालनात दोन-तीन वेळा "ईऽऽ" केलं, मग गप्प झाला आणि पाट्या वाचायला लागला. मी दातांच्या विभागात रमले. तिथे जुनी 'टूथ की' पाहिली. आडवी मूठ, दांडा आणि टोकाला आकडी. आकडी दातात अडकवायची आणि कुलूप उघडल्यासारखी फिरवायची. दात निघायचा, कधी मोडायचा, कधी जबड्याचं हाडही घेऊन यायचा. भूल नावाची गोष्टच नव्हती. क्लोरोफॉर्म बाळंतपणात आणि शस्त्रक्रियेत आला तो 1847 मध्ये, याच शहरात, जेम्स यंग सिम्प्सनमुळे.

पण ज्यासाठी लोक मुद्दाम येतात ती वस्तू तशी क्षुल्लक दिसते. खिशात मावेल अशी गडद तपकिरी वही. वरच्या बाजूला सोनेरी अक्षरांत लिहिलंय की ही बर्कच्या कातडीची वही आहे. मागे तारीख, 28 जानेवारी 1829. त्या दिवशी विल्यम बर्क या खुन्याला फाशी दिली. नंतर विद्यापीठात त्याचं जाहीर शवविच्छेदन झालं आणि कातडीची अशी विल्हेवाट लागली. सांगितलं नसतं तर कुणाही आजोबांची जुनी डायरी समजून मी पुढे गेले असते.

बर्क आणि हेअर ही जोडी 'मुडदेचोर' म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यांनी एकही थडगं उकरलं नाही. वेस्ट पोर्ट भागात हेअरच्या घरी भाडेकरू ठेवत. 1827 च्या अखेरीस त्यातला डोनाल्ड नावाचा एक म्हातारा पेन्शनर आजाराने वारला. त्याच्याकडे चार पौंड भाडं थकलं होतं. शरीररचना शिकवणारे डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्याकडे दोघांनी त्याचा मृतदेह नेला आणि सात पौंड दहा शिलिंग मिळाले. थकबाकी वसूल, वर नफा. पुढच्या वर्षात त्यांनी सोळा माणसं मारली: दारू पाजायची, मग तोंड-नाक दाबायचं. म्हणजे अंगावर खूण नाही आणि माल ताजा. भाव हिवाळ्यात दहा पौंड, उन्हाळ्यात आठ.

"मावशी, सीझनप्रमाणे रेट?" भाच्याने विचारलं.

होय. उन्हाळ्यात मृतदेह लवकर कुजतो. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मृतदेह टिकवायच्या फॉर्मॅलिनचा तो वास, जो डबा उघडताना हातालाही यायचा, तो मला तिथे उगाचच आठवला. त्या काळी असं काही साधन नव्हतं. शिकणारी मुलं भरपूर आणि कायद्याने मिळणारे मृतदेह मोजके, मुख्यतः फाशी गेलेल्या खुन्यांचे. मागणी आणि पुरवठा यांचं गणित बर्क-हेअरने त्यांच्या पद्धतीने सोडवलं.

जेम्स विल्सन या तरुणाला सगळं शहर ओळखायचं. जरा भोळसट, रस्त्यावर फिरणारा मुलगा. तो टेबलावर आला तेव्हा विद्यार्थ्यांनी ओळखला. नॉक्स म्हणाले, हा तो नव्हे. नॉक्सवर कधी खटला झाला नाही. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. एकटा बर्क लटकला.

यातून 1832 चा ॲनाटॉमी ॲक्ट आला: ज्यांना कुणी वाली नाही अशांचे मृतदेह वैद्यकीय शाळांना द्यायचे. म्हणजे मुडद्यांचा बाजार बंद झाला, आणि टेबलावर खुन्याच्या जागी गरीब आला. आपल्याकडेही त्याच वळणाचा मुंबई ॲनाटॉमी ॲक्ट 1949 चा. ज्या बेवारस मृतदेहावर आम्ही पहिला छेद दिला तो त्याच कायद्याने आला होता. आणि बोन सेट, म्हणजे अभ्यासाला लागणारा माणसाच्या हाडांचा संच? तो सीनियरकडून विकत घेतलेला, त्याने त्याच्या सीनियरकडून. मूळ माणूस कोण, हे कुणी विचारत नसे. इंग्लंड-अमेरिकेतल्या कॉलेजांना वर्षानुवर्षं सांगाडे पुरवले ते प्रामुख्याने कलकत्त्याने. भारत सरकारने 1985 मध्ये निर्यातीवर बंदी घातली तेव्हा तो कायदेशीर धंदा थांबला. भाच्याला हे सगळं मी पायऱ्यांवर बसून सँडविच खाताना सांगितलं. त्याने सँडविच संपवलं, हे त्याच्या पिढीचं कौतुक.

दुपारी मेरी किंग्ज क्लोज. 'क्लोज' म्हणजे इथली अरुंद गल्ली. 1753 पासून वर रॉयल एक्स्चेंज बांधताना गल्लीतल्या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे पायासाठी तसेच ठेवले. वर आता महापालिकेची इमारत आहे आणि तिच्या पोटात ही घरं. 1645 च्या प्लेगमध्ये इथल्या रोग्यांना भिंती बांधून आत कोंडून मारलं, ही गोष्ट खोटी. लोकांना घरात वेगळं ठेवलं होतं, पण अन्न आणि कोळसा पोचवत होते. मला इथलं सगळ्यात आवडलेलं पात्र म्हणजे प्लेगचा डॉक्टर जॉर्ज रे. आधीचा डॉक्टर प्लेगनेच गेला होता. रे काही जगणार नाही या हिशेबाने नगर परिषदेने त्याला घसघशीत पगार कबूल केला. हा पठ्ठ्या जगला. मग पैशासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिला. सरकारी बिल थकलेल्या कुणाही माणसाला या डॉक्टरबद्दल आपुलकी वाटेल.

ॲनीची खोली मात्र मला पटली नाही. 1992 मध्ये एका जपानी मांत्रिक बाईंना इथे बाहुली हरवलेल्या मुलीचं भूत जाणवलं म्हणे. तेव्हापासून लोक बाहुल्या आणून ठेवतात. ढिगाने. भुतापेक्षा त्या बाहुल्यांचे डोळेच अंगावर येतात.

संध्याकाळी साउथ ब्रिजचे व्हॉल्ट. 1788 साली खुल्या झालेल्या या पुलाला एकोणीस कमानी आहेत, पण उघड्यावर दिसते एकच. बाकीच्या इमारतींनी झाकल्या. कमानींखालच्या खोल्यांत आधी चांभार, कारागीर होते. छत गळायला लागल्यावर ते गेले आणि ज्यांना कुठेच थारा नव्हता ते राहायला आले. गाईड काळ्या झग्यात. गट एवढा मोठा की मागे उभं राहणाऱ्याला निम्मं ऐकू येईना. मध्येच दिवा घालवून कुणीतरी ओरडायचं, हे दोनदा झाल्यावर भाचाही कंटाळला. मी त्याला मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन यांचा प्रयोग सांगितला. 2001 मध्ये त्यांनी दोनशेहून जास्त लोकांना याच खोल्यांत एकेकटं बसवलं. कोणती खोली झपाटलेली समजतात हे त्यांना सांगितलं नव्हतं. तरी बदनाम खोल्यांमध्येच जास्त जणांना काहीतरी जाणवलं. पण त्याचा संबंध निघाला तो खोलीचा आकार, उजेड अशा गोष्टींशी. म्हणजे भीती खरी, भुताची गरज नाही. "मग टूरवाले हे का नाही सांगत?" असं त्याने विचारलं. कारण मग तिकीट कोण काढेल, बाळा.

ग्रेफ्रायर्स स्मशानात अंधार पडल्यावर गेलो. तिथल्या दोन थडग्यांवर जाड लोखंडी पिंजरे अजून आहेत. भूत बाहेर येऊ नये म्हणून नव्हेत. आतला मृतदेह चोरांनी बाहेर काढू नये म्हणून. शरीर कुजून विक्रीला निकामी झालं की पिंजरा काढून दुसऱ्यासाठी वापरत. भाचा इथेच पुरलेल्या जॉर्ज मॅकेन्झी या सतराव्या शतकातल्या सरकारी वकिलाच्या भुताची वाट बघत होता, पण पिंजऱ्यापाशी जास्त वेळ थांबला आणि गजांच्या मधून हात जातो का ते बघू लागला. मी त्याला हाताला धरून बाजूला केलं.

जायचं असेल तर बूट घट्ट घाला, जुन्या शहरातला दगड पावसात फार घसरतो. तळघरांत बारा महिने गारठा असतो, स्वेटर लागतोच. बर्कचा सांगाडा आमचा बघायचा राहिला. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनीच तो जपून ठेवला जावा असं म्हटलं होतं, आणि तो विद्यापीठाच्या ॲनाटॉमिकल म्युझियममध्ये खरंच उभा आहे. पण ते म्युझियम ठरावीक दिवशीच उघडं असतं. आधी ती तारीख बघा आणि बाकीची तिकिटं तिच्या आगेमागे काढा. भुतांच्या टूर रोजच असतात.