पाचव्या मात्रेवर पाय उचला

केहरव्यातलं (आठ मात्रांच्या तालातलं) गाणं ड्रमवर घेतलं की नव्या वाजवणाऱ्याचा हात आपोआप सरळ रॉक बीटवर जातो. किक (पायाने वाजणारा बेस ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर (समोरचा, तारा लावलेला ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर. आता हेच आठ मात्रांत मोजून बघा: धा गे ना ति । न क धिं ना. रॉकमधला तिसरा ठोका इथे पाचवी मात्रा होतो, आणि पाचवी मात्रा खालीची, म्हणजे बिनवजनाची. तबलजीचा डग्गा (डाव्या हाताचा, खर्जाचा) तिथे बंद असतो. त्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा २२ इंची बेस ड्रम धाडकन भरून टाकतो. गाणं बसत नाही, मग दोष स्नेअरच्या आवाजाला, सिंबलला, नाहीतर बिचाऱ्या गायकाला.

उपाय फुकटातला आहे. किक पहिल्या मात्रेवर ठेवा, पाचवीवर पाय उचला. सातवीला ‘धिं’ येतो, डग्गा परत उघडतो. तिथे स्नेअरसोबत हलकी किक द्या. दुसऱ्या मात्रेच्या ‘गे’वर बेस गिटार हलत असेल तर पाय टेकवा, नाहीतर सोडून द्या. एवढंच दहा मिनिटं, रोल (ओळीच्या शेवटी ड्रमवरून फिरणारे जलद ठोके) न मारता, तोंडाने बोल म्हणत वाजवायचं. कंटाळा तिसऱ्या मिनिटाला येतो. ठेका साधारण त्यानंतरच बसायला लागतो.

वगळण्यातून ठेका कसा घडतो ते ऐकायचं तर रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स ऐका. डाव्या हाताने स्नेअर मारताना तो उजवा हात हायहॅटवरून (पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीवरून) उचलून घ्यायचा. हायहॅटची सलग टिकटिक प्रत्येक स्नेअरला तुटते आणि स्नेअर एकटी, स्वच्छ ऐकू येते. एवढ्या मोठ्या बँडमध्ये आयुष्यभर वाजवून त्याचा सेट मात्र चार ड्रमचाच राहिला.

आता वजनाबद्दल. घड्याळासारखी अचूकता असलेला ठेकाही सपाट वाटू शकतो, कारण सगळे ठोके सारख्याच जोराचे असतात. मुख्य स्नेअरसाठी स्टिकचं टोक २५-३० सेंटीमीटर वर गेलं पाहिजे. मधल्या घोस्ट नोटसाठी, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यासाठी, फक्त दोन-तीन. जेम्स ब्राउनच्या बँडमधला क्लाइड स्टबलफील्ड याच बारीक ठोक्यांसाठी ओळखला जातो. ते काढून टाका, बीट तोच राहतो पण चाल जाते. नेहमीची चूक ही की घोस्ट नोट वाजवताना हात खाली राहतो आणि पुढची मुख्य स्नेअरही दबते. म्हणून आधी फक्त मोठे ठोके आरशासमोर, मग मधे एक बारीक, मग दोन. हायहॅट तर बहुतेकांचा गरजेच्या दुप्पट मोठ्याने वाजतो. आपल्या कानाजवळ तोच असल्यामुळे ते कळत नाही. फोन तीन मीटर लांब ठेवून रेकॉर्ड करा. फोन आवाजाची पातळी स्वतःच सारखी करत असतो, त्यामुळे जोराचा अंदाज त्यावरून धरू नका. पण हायहॅटने स्नेअर खाल्लीय का, हे लगेच कळतं.

लय पळते ती मात्र रोलमध्येच. कारण साधं आहे: ठेक्यात उजवा हात हायहॅटवर मात्रा मोजत असतो. रोलला तो टॉमकडे (वरच्या, बाजूच्या ड्रमकडे) निघाला की मोजणारंच कोणी उरत नाही. पहिला ठोका लवकर पडतो, शेवटचे चार कोंबले जातात आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, यायच्या आधीच क्रॅश (मोठा सिंबल) वाजतो. मग गायकाला ओळ धावत धरावी लागते. यावर डाव्या पायाने हायहॅट प्रत्येक ठोक्याला बंद करत राहणं हा पहिला इलाज. दुसरा जरा विचित्र वाटेल: रोलच्या जागी एक आवर्तन काहीच वाजवू नका, तोंडाने फक्त ‘तकधिमि तकधिमि’ म्हणा आणि समेवर या. मोकळं आवर्तन नीट जमलं की त्यात दोन ठोके टाका. मग चार. सोळा टाकायची वेळ फारशी येत नाही, आणि आली तरी ऐकणाऱ्याला त्यातले दोनच आठवतात.

मेट्रोनोम लावायचा तर ८० च्या लयीसाठी ४० वर लावा आणि ती टिकटिक दुसरा व चौथा ठोका समजून वाजवा. रोल झाल्यावर टिकटिक स्नेअरवरून सरकून किकवर आली, तर एक ठोका खाल्ला किंवा वाढवला. वाद घालायला जागा नाही.

ठाण्यातल्या इमारतींत हे सगळं घरी सेटवर करणं शक्य नाही, खालच्या मजल्यावर किक पेडल आवाजापेक्षाही हादऱ्याने पोचतं. रबरी पॅड घडी घातलेल्या चादरीवर ठेवा, आणि पाय पेडलशिवाय, जाड पायपुसण्यावर. टाच टेकवून पंजाने मारलं तरी जागा पक्की होते. सेट तासाच्या भाड्याच्या खोलीत मिळेल तो. तिथे झिजलेल्या सिंबलवर चिडण्यापेक्षा पहिली दहा मिनिटं अशी घालवा: आसन इतकं उंच की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. हायहॅटच्या दोन थाळ्यांत बोटभर फट. स्नेअरचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, अर्धा-अर्धा फेरा. सलग गोल फिरत गेलात तर एक बाजू ताणली जाते आणि आवाज फुटतो. कडेला चिकटपट्टीची एक घडी लावली की नको तेवढी घुमक जाते. बेस ड्रममध्ये पुढच्या कातड्याला जेमतेम टेकेल अशी उशी. सर्वात महत्त्वाचं, टाइल्सवर गालिचा. बेस ड्रम दर गाण्याला दोन इंच पुढे सरकला तर पाय त्याच्यामागे जातो, कंबर वाकते आणि लय ढिली पडते. पिशवीत ड्रमची चावी, चिकटपट्टी आणि गालिच्याचा तुकडा असला की नव्या सिंबलचा विषय सहा महिने पुढे ढकलता येतो.

गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या हॉलमध्ये आणखी एक सापळा असतो. आवाज एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद घेतो. मागची भिंत २० मीटरवर असली तर तिच्यावरून परतलेली स्नेअर सुमारे ११५ मिलिसेकंद उशिरा येते. १०० च्या लयीत पाव ठोका १५० मिलिसेकंदांचा. त्या परतीच्या आवाजाला धरून वाजवलं की गाणं मागे ओढलं जाणार. मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) बरोबर नसेल तर बेस गिटारवाल्याचा हात डोळ्यांनी धरा.

हळदीच्या कार्यक्रमातल्या कोळी ठेक्याला तर ड्रमरने फारच थोडं करावं. सहा मात्रा: किक पहिलीला, स्नेअर चौथीला, हायहॅट सहाही पण बारीक. दुसरी-तिसरी आणि पाचवी-सहावी ढोलकीची आहेत, तिथे टॉम घातले की ढोलकीचा घुमारा पुसला जातो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक पॅडवर) वाजवत असाल तर आधी बघा की सेटिंगमध्ये पॅड हलक्या-जोराच्या ठोक्याला वेगळा आवाज देतायत का. आवाज कायमचा एकाच जोरावर ठेवलेला असला तर वरचं वजनाचं सगळं वाया. ढोलकीवाल्याने उठाण (समेकडे नेणारी जोरकस चाल) घेतली की स्नेअर सोडा, हायहॅट तेवढा चालू ठेवा, आणि तो समेवर उतरला की किक त्याच्यासोबत.