मामाजींची स्कूटर आणि कॉटन मार्केटची चलानं

गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. घेणाऱ्याला ३० दिवस दिले आहेत. पण विकणारा एकटाच कळवायला गेला तर खिडकीवर काय होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहून राहिले.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर आपली गिअरलेस स्कूटर विकली. घेणारा लेआउटमधल्याच एकाच्या ओळखीचा पोरगा. बारा हजार रोख, एक चहा आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ व फॉर्म ३० वर सह्या. फॉर्म कोरे. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, फक्त खाली मामाजींची ती वळणदार सही. "तो बदलून घेतो म्हणाला ना जी नाव," हे मामाजींचं त्यावरचं एकमेव स्पष्टीकरण, आणि ते आजही बदललेलं नाही. नागपुरात अशा किती गाड्या फिरत असतील देव जाणे. जुन्या दुचाकीच्या व्यवहारात कोरा फॉर्म सही करून देणं म्हणजे जणू रीतच आहे. त्या सहीवर गाडी पुढे दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला जाते आणि सरकारदरबारी मालक मात्र तुम्हीच राहता.

त्या गाडीची चलानं मामाजींच्याच मोबाइलवर येत होती, पण ते मेसेज पुसून टाकत. कारण नातवाने त्यांना बजावलं होतं की चलानच्या नावाने येणारे मेसेज फसवे असतात, कशावरही बोट ठेवायचं नाही. नातू चूक नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून खातं रिकामं करणारे खरोखरच आहेत. पण मेसेज न उघडणं वेगळं आणि चलान आहे की नाही हे न बघणं वेगळं. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता, स्वतः जीओव्ही डॉट इन ने संपणाऱ्या सरकारी साइटवर जाऊन गाडीचा नंबर टाकायचा. सगळं दिसतं. एवढं केलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. लोकअदालतीला हजर राहा असा मेसेज आला तेव्हा मामाजी घाबरले आणि फोन माझ्या हातात आला. नवरा नोकरीनिमित्त पुण्यात, दीर म्हणतो "वहिनी, तुला बोलता येतं." म्हणजे काम माझं.

साइटवर यादी उघडली आणि मी खाली बसले. विना हेल्मेट, विरुद्ध दिशा, ट्रिपल सीट, पुन्हा विना हेल्मेट, नो पार्किंग. रक्कम जवळपास गाडी विकली त्या किमतीएवढी. पण पोटात गोळा आला तो रकमेने नाही, एका फोटोने. त्यात गाडीवर बसलेल्या पोराचा चेहरा अगदीच कोवळा दिसत होता. अठराच्या आतला निघाला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ आलं आहे. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी सापडली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मालक कोण? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. गाडी विकून हातोहात पुढे गेली होती, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी कागदोपत्री नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली. हे मी मामाजींना वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा फेरफटकाही मारला नाही.

मग आरटीओ. नागपुरात शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालयं. नंबर एमएच-३१, एमएच-४९ की एमएच-४० वरून सुरू होतो ते बघून कुठे जायचं ते आधी ठरवा. लोक घराजवळचं गाठतात आणि उन्हात परत फिरतात. आमचं कोणतं ते मी सांगत नाही. खिडकीवरच्या माणसाशी माझं वैर नाही, खिडकीशी आहे.

"गाडी विकली आहे, कळवायला आलोय," मी म्हटलं.

"खरेदीदार कुठे आहे?"

"माहीत नाही. म्हणूनच आलोय."

"त्याले घेऊन या मग."

मी कलम ५० दाखवलं. त्यात कळवण्याची जबाबदारी आधी विकणाऱ्यावर टाकली आहे, चौदा दिवस उलटले असतील तर दंड लावा, पण कळवलं म्हणून नोंद तर घ्या. साहेबांनी मोबाइलकडे न बघताच सांगितलं की घेणाऱ्याचं आधार, पत्त्याचा पुरावा, विमा, पीयूसी आणि चेसिसचा प्रिंट, म्हणजे गाडीवर कोरलेल्या नंबरचा ठसा, असल्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. सिस्टीमला कायदा कोणी वाचून दाखवायचा, हे विचारायची सोय नव्हती, मागे रांग ताटकळत होती. मागचा एक माणूस मात्र म्हणाला, "पैसे घेतले ना विकून? मग आता काऊन आले?" त्याचंही बरोबर होतं म्हणा.

मी लेखी अर्ज केला. तो खिडकीवर दिला तर चार घड्या होऊन परत माझ्याच हातात आला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ती मला गेटबाहेरच्या एजंटने फुकट सांगितली: अर्ज खिडकीवर कधीच द्यायचा नाही. आवक-जावक शाखेत द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. एजंटने वर हेही सांगितलं, "ताई, पोच भेटली म्हणजे नाव बदललं असं नाही बरं."

नाहीच बदललं. अर्ज एका टेबलावरून वरच्या अधिकाऱ्याकडे गेला. अधिकारी सभ्य होते, बसायला सांगितलं, पूर्ण वाचलं, "तुमचं म्हणणं योग्य आहे" असंही म्हणाले. समासात शेरा मारला, 'तपासून नियमानुसार कार्यवाही व्हावी', आणि अर्ज खाली पाठवला. खाली म्हणजे त्याच खिडकीवर. खिडकीने शेरा वाचला आणि नियमानुसार विचारलं, "खरेदीदार कुठे आहे?"

मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहिण्याजोगं नाही. या देशात चोरी झालेल्या गाडीची तक्रार देता येते, हरवलेल्या आरसीची देता येते, पण गाडी विकली हे सांगायला विकत घेणाऱ्याचा हात धरून न्यावा लागतो. आणि घेणाराच पळ काढतोय म्हणून तर माणूस सांगायला येतो ना! मामाजी मात्र शांत बसले होते. त्यांचं मत असं की ऑफिसला ऑफिसच्या वेगाने चालू द्यावं. त्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली आहे.

पहिला पोरगा तर गाव सोडून गेला होता. फोन लागला तेव्हा म्हणाला, मी ती कधीच विकली, कोणाला ते आठवत नाही. कोरा फॉर्म हा असा पुढे सरकलेला. मग मी पुन्हा चलानांकडे वळले. चलानात फोटोसोबत जागा आणि वेळ असते, हे आपण दंडाच्या धसक्यात बघतच नाही. बहुतेक चलानं एकाच भागातली निघाली, कॉटन मार्केट चौक आणि आसपास, आणि सगळी सकाळची. एका फोटोत मागच्या सीटवर फुलकोबीचं पोतं बांधलेलं होतं आणि मेथीची एक जुडी नंबर प्लेटवर लोंबत होती. फक्त एक आकडा झाकला गेला होता. पोलिसाने तोही बरोबर ओळखला होता, हे आमचं नशीब.

दिराला उठवलं आणि उजाडायच्या आत कॉटन मार्केटला गेलो. ज्यांनी तो भाजीबाजार सकाळी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. हातगाड्या, छोटा हत्ती, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचे ढीग, पायाखाली चिखल आणि प्रत्येक गाडीवर मावेल त्याच्या दुप्पट माल. आमची स्कूटर चहाच्या टपरीशेजारी उभी होती. मामाजींनी लावलेलं गणपतीचं स्टिकर तसंच, सीट मात्र फाटून वर दोरी गुंडाळलेली. मालक चहा पीत होता. बघून आधी वय विचारलं. वीस. लायसन्सही होतं. माझा जीव भांड्यात पडला, मग मी रागावले.

"ताई, मले तर सांगतलं होतं का कागद किलियर हाय," तो म्हणाला, आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला तोच फॉर्म काढला. घड्यांवर फाटलेला, खरेदीदाराच्या जागी व्हाइटनर, व्हाइटनरवर एक नाव, ते खोडून दुसरं. खाली मामाजींची सही जशीच्या तशी. पोरगा वाईट नव्हता. त्यालाही वाटत होतं की चलान मोबाइलवर येत नाही म्हणजे माफ झालं. ते दुसऱ्याच्या मोबाइलवर जात होतं, एवढंच.

आता कोंडी अशी की चलानं भरल्याशिवाय नाव बदलून मिळेना आणि नाव बदलल्याशिवाय पोरगा चलानं भरेना. टपरीवरच तोडगा निघाला. गाडी त्याने घेतल्यानंतरची त्याची, त्याआधीची मामाजींची. मामाजींनी घरी आल्यावर बरीच कुरकुर केली, पण भरले. पावत्यांचे प्रिंट काढून ठेवा, साइटवर भरलेलं दिसायला कधी वेळ लागतो.

पोराकडे विमा नव्हता. विमा नसताना रस्त्यावर सापडला असता तर पहिल्याच खेपेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम १९६. निदान थर्ड पार्टी तरी घ्यायला लावला, पीयूसी काढून घेतली. पुढचं सगळं सुरळीत झालं, त्यामुळे सांगण्यासारखं फार नाही. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी मामाजींच्या जुन्या नंबरवर आला. तो नंबर चालू होता म्हणून निभावलं. आरसीला जोडलेलं सिम बंद पडलं असेल तर आधी नंबर बदलून घ्या, त्याची वेगळी सोय आहे. चेसिसचा प्रिंट काढायला पायाजवळचा मॅट उचलला तर खाली कोथिंबिरीचा लगदा. तो खरडून, कापड फिरवून, वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल घासली तेव्हा आकडे उमटले. शेवटचे दोन अस्पष्ट आले म्हणून पुन्हा घासली. हे घरी करून न्या, आवारात तेच करायचे पैसे घेतात.

सहीवर एकदा अडलं. मामाजींचा हात आता थरथरतो, रेकॉर्डमधली सही आणि आताची सही सख्ख्या बहिणीसुद्धा वाटत नव्हत्या. समोर बसून, ओळखपत्र दाखवून, दोनदा सही केल्यावर मान्य झालं. वयस्कर माणसाची गाडी असेल तर त्यांना घेऊनच जा, उगाच कागद नाचवू नका. आणि हो, कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो. फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत घेऊन तो आधी उतरवा, नाहीतर बाकी सगळं असूनही अर्ज परत येतो. आमच्या गाडीवर बोजा नव्हता, आणि तिला पंधरा वर्षं व्हायलाही अवकाश होता, नाहीतर पुनर्नोंदणीचं आणखी एक लचांड मागे लागलं असतं.

विकताना काय करायचं ते एका वाक्यात: अर्ज दोघांनी मिळून भरल्याशिवाय चावी द्यायची नाही. घेणारा घाईत असेल तर घेणाऱ्याचं आधार, फोटो आणि तारीख-वेळ टाकलेली विक्री पावती तरी हातात हवी. वेळ लिहायचीच, कारण त्याच दिवशी चलान फाटलं तर सकाळचं कोणाचं आणि संध्याकाळचं कोणाचं यावर भांडणं होतात.

आता नाव बदललं आहे. ॲपवर नंबर टाकून मामाजी अधूनमधून बघतात, पोराचं नाव दिसलं की समाधानाने मोबाइल ठेवतात. आणि परवा माझ्या त्या आवक क्रमांकाच्या अर्जाला टपालाने उत्तर आलं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, खरेदीदाराची कागदपत्रे सादर करावीत, अन्यथा आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात येईल.'

करा म्हटलं.